मनूची हजेरी

२ जुलै
पाणी आलं: टँकर अर्धा, शेजारणीशी वाटून, रु. ३००. मनूला स्टीलची बाटली, गुलमंडीतून, रु. ११० (दीडशे सांगत होता). शाळेत पाणी नाही, ज्यानं त्यानं घरून न्यायचं. निळ्या झाकणाचीच घेतली, दुसरा रंग ती हातात धरत नाही.
मुकुंदवाडीत इमारतींवर इमारती, नळ पाचव्या दिवशी. मनूचा दुसरीचा वर्गही तसाच फुगलाय.

५ जुलै
मोठ्या बाईंनी बोलावलं. मनू स्वमग्न आहे हे नाव घालतानाच सांगितलं होतं. तरी आज म्हणाल्या, "हजेरीला ओ देत नाही. साधं 'हजर' म्हणत नाही, तर इतर मुलांत कशी बसवू? दिवाळीपर्यंत बघू."
वन्संचा नाशिकहून फोन. तिथं अशा मुलांच्या वसतिगृहात जागा आहे, पाठवून दे. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.

९ जुलै
घरी शिकवतेय. सांजवात झाली की देवाची नावं घ्यायची, प्रत्येक नावाला मनूनं म्हणायचं "हजर". केशव, हजर. नारायण, हजर. आज आपणहून म्हणाली! हे हसले, "चला, देव सगळे आले. आता टँकरवाल्याचं नाव घे." लई दिवसांनी हसले. देवापुढं गुळाचा खडा ठेवला.

१३ जुलै
शाळेत बोलली. पण वर्गातल्या प्रत्येक नावाला "हजर". जी पोरं आलीच नव्हती त्यांनाही. मीच तसं शिकवलं, तिचं काय चुकलं?
वर्गाच्या बाई सांगत होत्या, पोरं हसून लोळली. बाकावरची मैत्रीण शबाना उठून म्हणाली, "बाई, अब किसीकोच बोलने की जरूरत नै. मनू सबका बोलती!"
मोठ्या बाई हसल्या नाहीत. म्हणे वर्गाची शिस्त जाते.
रात्री मी देवापुढं बसले. मागितलं काही नाही.

२० जुलै
वर्गाच्या बाई वयानं लहान, पण डोकं चालवलं. आता नावं पुकारायची नाहीत. सकाळी सगळ्यांनी आपापली बाटली ओट्यावर आपल्या जागी ठेवायची, तीच हजेरी. मनूची निळी, शेजारी शबानाची लाल. रोज बिनबोभाट ठेवते.
"माझा घसा वाचला हो," बाई म्हणाल्या.
मोठ्या बाई: "असं कुठं असतं का? वरून तपासणी आली तर?" दिवाळीचं वाक्य कायम.

६ ऑगस्ट
पाऊस नाही. एकादशी, भगर.
आज शबानाच्या जागी दुसऱ्या पोरानं बाटली ठेवली. मनूनं ती उचलून बाजूला केली. त्यानं परत ठेवली, हिनं परत उचलली. बाई रागावणार, तेवढ्यात ही म्हणाली, "शबाना नाही."
बाई म्हणाल्या, एवढ्या गर्दीत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. निरोप धाडला. पोरीला घरच्यांनी टँकरच्या रांगेत उभं केलं होतं. उद्यापासून येते म्हणाली.
दोनच शब्द. पण कुणी न शिकवता.

७ ऑगस्ट
मोठ्या बाईंना सांगितलं. "हं," म्हणाल्या. वसतिगृहाची जागा महिनाअखेरपर्यंतच धरतील. हे म्हणतात, तू ठरव.
वन्सं फोनवर बोलू देत नाहीत, म्हणून पत्र. मजकूर इथं उतरवून ठेवते:
"ती. वन्संना सा. न. तुमची माया कळते. जागेचं हो-नाही आत्ताच लिहीत नाही. आधी तिथं जाऊन एवढंच विचारा, की सकाळी एखादं लेकरू जागेवर नसलं, तर ते तिथल्या दुसऱ्या लेकराला कळतं का? काय म्हणतात ते उलट टपाली कळवा."