छातीवरचा फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार
समोरच्या टॉवरमधला देवेश आला. बूट घालूनच आत! म्हणे, "मिथुन, सोळाला यंदापण प्रबुद्ध स्मृती वॉक. विक्रोळी ते नाहूर. दोनशे लोक, टी-शर्ट, ड्रोन... एकदम झकास!" माझा धाकटा भाऊ प्रबुद्ध सीमेवर बर्फाखाली गाडला गेला, त्याला दोन वर्षं होतील. आणि याचं झकास!
टी-शर्टवर छापायला मोठा फोटो हवाय. मागच्या वर्षीचा बारीक आला होता. आई पटकन म्हणाली, "मी देते."
नवलच वाटलं. मागच्या वॉकनंतर तिने देवेशकडचं चपात्यांचं काम तडकाफडकी सोडलं होतं. का, ते अजून सांगत नाही.

११ नोव्हेंबर
टी-शर्ट आले. फोटो माझा आहे!
प्रबुद्ध पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याचा युनिफॉर्म मी अंगात चढवला होता. मी भरतीत दोनदा नापास — उंची एक सेंटिमीटर कमी. फोटो त्यानेच काढला. "दादा, पोट आत घे रे!" तोच हा. खाली लिहिलंय — शहीद प्रबुद्ध अमर रहे.
देवेशला फोन केला. "अरे यार, छापून झालेत आता. भाऊ-भाऊच ना तुम्ही, कोणाला कळतंय? आणि आईनेच दिलाय ना!"
हो. आईनेच दिलाय.

१२ नोव्हेंबर
आईला मोतीबिंदू आहे, पण इतका? स्वतःची दोन पोरं ओळखू येऊ नयेत? का मी तिच्या हिशेबी कधी नव्हतोच? मरोळला कंपनीच्या गेटवर बारा तास उभा राहतो, घर चालवतो. तरी विहारात ती सगळ्यांसाठी प्रबुद्धची आई. थोरला मी असून! राग येतो. मेलेल्या भावाचा राग येतो याची लाजही वाटते.

१६ नोव्हेंबर, रविवार
चाललो माझ्याच तोंडामागे. नारळ फोडू नका, आम्हा बौद्धांत नसतं, असं दोनदा सांगितलं होतं. फोडलाच! एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती देखणा होता गं पोरगा." मला जिवंतपणी हे कोणी म्हटलं नाही.
आई पांढऱ्या साडीत सगळ्यांच्या पुढे. कोणाच्या छातीकडे एकदाही पाहिलं नाही तिने.
नाहूरला नाश्ता वाटला. गरम होतंय म्हणून काहींनी वरचे टी-शर्ट काढले आणि अंथरून त्यावरच बसले. माझ्या नाकावर चटणी सांडली. आई बघत होती. शांत.

१७ नोव्हेंबर
सकाळी राहवलं नाही, विचारलंच. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.
"मला काय दिसत नाही व्हय रे? मागल्या साली देवेशचा ड्रायव्हर गाडीचं चाक पुसत होता. प्रबुद्धच्या तोंडानं. परत नसतं बघवलं."
"आणि माझं तोंड चालतं?"
"तू संध्याकाळी घरी येतोस, बाळा. त्याचं तेवढं फोटोतलंच राहिलंय."
ड्युटीला निघालो. जिन्यातून परत आलो, तिला माझं तोंड नीट दिसेल असा समोर उभा राहिलो, मग गेलो.