भाजणं येगळं

प्रिय आये,

आज सांगलीत थंडी पडली. ट्रंकेतलं तुझं घोंगडं गच्चीत उन्हाला टाकलं आणि खाली येऊन लिहायला बसले. पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेतून मी पाठवलेली पत्रं तू शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस. आता हे कोण वाचून दाखवणार गं?

मेंढरांमागं माळ तुडवलास तो हेच घोंगडं पांघरून. आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर तेच तुला सोसेना! चालायला लागलीस, बोलायला लागलीस, आम्ही पेढे वाटले. डावा हात मात्र आतून पेटलेला. पदर घासला तरी कळवळायचीस.

डॉक्टर दर खेपेला विचारायचे, "आजी, हात दुखतो का?"

"न्हाई."

किती ठाम! शेवटी मीच चिडले, "आये, मग रडतेस कशाला?"

"भाजतंय म्हून. दुखतंय कुठं? दुखणं येगळं, भाजणं येगळं."

डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, हात चांगला आहे, बिघाड मेंदूत आहे.

"मग मेंदूला भाजू दे की! हाताला कशापायी?"

त्यांनी फिटच्या गोळ्या दिल्या, या आगीवर त्याच देतात म्हणाले. "मला काय फिट येतीया व्हय?" म्हणत घेतल्यास. गुंगी आली, तोल गेला, आग तशीच. गोळ्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. जाणार नाही, थोडी कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढीही झाली नाही, आये.

त्यात भेटायला येणारी प्रत्येक बाई लकव्याचा हात म्हणून कोमट तेल चोळायला बसायची! तू दात आवळून घ्यायचीस. एकदा तरी नको म्हणायचंस ना!

"माया करत्यात गं. कसं नगं म्हनू?"

तू गेलीस त्या सकाळी सखूकाकी तुझ्यावर घोंगडं घालायला आली. मी तिचा हात धरला. "काकी, डावीकडं नको. तिला भाजतं."

काकीनं घोंगडं घडी घालून बाजूला ठेवलं. बाहेर ट्रॉलीत लाकडं भरत होते.

शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, वर सगळ्यांची भेट होते. मला आता तसं वाटत नाही. पण झालीच, तर वचन देते, तुझ्या उजव्या बाजूला बसेन. आपणहून हात लावणार नाही. तू धरलास तरच.

तुझी,
सुमी