पोथीचा कौल

विंझर, मंगळवार, १९४३

आठ दिवस आळसाने लिहायचं टाळलं. आज टाळवत नाही.

सकाळी ओसरीवर पवित्र शास्त्र वाचून दाखवत होतो, तर शेजारच्या गंगूमावशी आल्या. त्यांचा लेक लढाईवर गेलाय, पत्र नाही. शास्त्रावर चार तांदूळ वाहून म्हणाल्या, "बाबा, पोथी उघड अन् कौल दे. माजा किसन येईल का न्हाई?"

उघडली. नेमकी निघाली विधवेच्या मेलेल्या लेकाला येशूने उठवल्याची गोष्ट. येईल म्हणणं किती सोपं होतं! पण मला इथे प्रचाराला धाडणारे पाद्रीबाबा बजावायचे, लिहिलंय तेवढंच सांग, पदरचं घालू नको. म्हणालो, "मावशी, हे दुसऱ्या बाईच्या लेकाचं आहे. किसनचं मला ठाऊक नाही."

"मग शिकवतोस काय, कपाळ?" मावशी उठून गेल्या. मागून कोणी हसलं, "किरिस्तावाच्या पोथीला कौलच न्हाई!"

उद्या हे गाव सोडून पुढच्या सारोळ्याला निघून जावं? तिथं पुलाजवळ चहा बरा मिळतो. भलतंच सुचतं. तांदूळ अजून त्या पानाच्या बेचक्यात आहेत, झटकवत नाहीत. खरं बोललो, पण इतकं कोरडं बोलायचं होतं?

दाराशी कोण आलं? मावशीच! उंबऱ्यात बसल्यात. म्हणतायत, "त्या दुसऱ्या बाईचं तरी पुरतं वाच."