बाबांच्या नंतरचा बँड

मुसफ्फा, अबू धाबी, नोव्हेंबर १९९६

सुजीत,

काल फोनवर तू ओरडलास, "दादा, बाबा गेले तरी येत नाहीस?" पासपोर्ट कंपनीकडे आहे रे. फोरमन म्हणतो, "पहले काम खलास करो, फिर छुट्टी, इन्शाल्ला." उद्या तेरावंही होऊन जाईल.

मी तुला इथून तुझ्या आवडत्या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या सुरुवातीच्या अल्बमची कॅसेट पाठवली होती. बाबांना मला निरोप टेप करून धाडायचा होता. कोरी कॅसेट सापडेना, म्हणून त्यांनी, पुन्हा टेप करता यावं यासाठी, तिच्याच वरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तुझ्या गाण्यांवर बोलले. किती चिडला होतास तू!

ती मी रोज लावतो. बाबा म्हशीचं सांगतात, कलमांचं सांगतात, "जेवत जा वेळेवर" म्हणतात, खोकतात. लगेच तुझा बँड सुरू होतो आणि तो गायक बेंबीच्या देठापासून किंचाळतो.

आधी मी तिथे बंद करायचो. आता आवाज वाढवतो. खोलीतली पोरं वैतागतात. पण त्या गोंगाटात माझं रडणं कुणाला ऐकू जात नाही.

हे पत्र टाकणार नाही. तू ते आईला वाचून दाखवशील.

इथेच अडकलेला,
दादा