खोक्यातला मोठा कप

तीर्थस्वरूप ताईस, धाकटीचा साष्टांग नमस्कार (पत्रात साष्टांग, प्रत्यक्षात उभ्यानेच, गुडघा वाकत नाही). तुझी कंबर कशी आहे? सूनबाई तेल लावून देते का, की नुसतीच विचारते? मी इथे अगदी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. (काल झालं नाही, पण भूकच नव्हती.) तू आता कायमची लेकाकडे राहणार, इथलं माझं शिलाई मशीन पाठवून दे, असं लिहिलंस, वाचून आनंदच झाला. उद्याच पाठवते. सुटले बाई एकदाची त्या खडखडाटातून!

कारखान्यात मात्र माझी चांगलीच फजिती झाली. माझं काम तुला ठाऊकच आहे: एका मापाचे सहा कप जुळवून खोक्यात भरायचे, वेगळा दिसेल तो बाजूला काढायचा. इतकी वर्षं नजर कधी चुकली नाही. परवा एका खोक्यात पाच कप लहान आणि एक भला मोठा निघाला. साहेबांनी बोलावलं. विसंगती म्हणजे काय ते कळतं का, असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायला लागले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नसणं म्हणजे विसंगती, माप सगळ्यांना सारखं पाहिजे, वगैरे वगैरे. तेवढ्यात चहा आला. त्यांना हा एवढा मग, मला अंगठ्याएवढा कप! मी म्हटलं, साहेब, याला काय म्हणायचं? (माझी जीभ कुठे स्वस्थ बसते!) ते म्हणाले, त्यांना चहा जास्त लागतो. मी म्हटलं, घरोघरी कुणाला तरी लागतोच की. आमच्या ताईला लागायचा. खोकं भरताना हात आपोआप मोठ्या कपाकडे गेला, तुझा म्हणून उचलला आणि चिकटपट्टी लावून मोकळी झाले. सांगता सांगता मी पदर डोळ्यांना लावला. साहेब गडबडले, स्वतःचा मग माझ्यापुढे सरकवला. सगळ्या बायका काचेतून बघत होत्या. अगं, लाज गेली नुसती! आता मला झाकणांवर बसवलंय. झाकणं बघून कुणाची आठवण येत नाही, असं साहेबांना वाटतं.

असो. तू नातवंडांत रम. इकडची काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता.क. मशीन फार जड आहे. उद्या जमेलसं वाटत नाही.

आणखी एक ता.क. हमाल येऊन गेला. त्याने सहज उचललं. मीच परत खाली ठेवायला लावलं.

शेवटचा ता.क. वर आनंद झाला असं लिहिलंय ते खोडणार होते, पण पुन्हा सगळं लिहायचा कंटाळा. आनंदबिनंद काही झालेला नाही. घर खायला उठतं गं. मशीन मी पाठवणार नाही. न्यायला तूच ये, आणि आलीस की जाऊ नकोस.