हैबतींच्या पिकअपची बॅटरी

११ जानेवारी, शनिवार
हैबतींची पिकअप आणली. ते वेल्ह्याच्या बाजूला वर वाडीवर म्हशी पाळतात, रोज सकाळी याच गाडीनं दूध खाली रस्त्याला आणतात. कापूरहोळहून कपाट आणायचंय म्हटलं, तर गाडी चालू करूनच हातात दिली. गाडी बंद न करताच कपाट चढवलं, भोरला सुखरूप आलं. उद्या सहाच्या आत गाडी परत. शब्द म्हणजे शब्द.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी ५.४०
हेडलाइट काल संध्याकाळपासून चालूच राहिले. चूक माझीच. किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक’. हैबतींना फोन केला. खरं सांगणार होतो. तोंडातून निघालं, गाडीची जरा सर्व्हिसिंग करून देतो. ते म्हणाले, कशापायी सर, लई उपकार झालं. उपकार!
आपल्याकडे बॅटरीचा चार्जर आहे. आपली जुनी गाडी विकली, तो राहिला. एका दिवसाचा प्रश्न.

दुपारी ३
चार्जरचा दिवाच लागेना. पुस्तिकेतलं ‘अडचणी व उपाय’ वाचलं. टर्मिनलवर पांढरा थर. गरम पाणी, सोडा आणि बायकोचा, आरतीचा, जुना टूथब्रश. (जुना नव्हता. सांगणार आहे.) लाल दिवा लागला!

१३ जानेवारी, सोमवार
दहा मिनिटांत हिरवा. इतकं झटपट चार्जिंग! थर काढल्याचा परिणाम. बॅटरी बसवली. टक.
हैबतींचा फोन नाही. ते विचारत नाहीत, याचाच जास्त त्रास होतो.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत
फ्यूज बदलला. सॉकेट बदललं. क्लिपा घट्ट केल्या. पुन्हा दहा मिनिटांत हिरवा, पुन्हा टक. चार्जर खोटारडा आहे.
पान ९ वर लिहिलंय, लगेच हिरवा दिवा लागल्यास बॅटरीच निकामी असू शकते. आपल्याला लागू नाही. बॅटरी धडधाकट होती, मारली मी. स्वतःचा दोष बॅटरीवर ढकलण्याइतका मी खाली गेलेलो नाही.
आरतीनं काल शाळेत शिकवायला जाताना एसटीतून पाहिलं, हैबतींच्या सखूबाई दुधाची किटली डोक्यावर घेऊन डोंगर उतरत होत्या. तिळगूळ घशाखाली उतरेना. दोनच खाल्ले.
आरती म्हणते, कबूल करायला चार्जर लागत नाही. पण आधी गाडी चालू करून मग कबूल करणं जास्त प्रामाणिक, असं माझं मत.

१५ जानेवारी, बुधवार
मेकॅनिकला बोलवावं तर सगळ्या भोरला कळेल. त्यापेक्षा कबुलीजबाब लिहून काढला. दीड पान. ‘निष्काळजीपणा’ तीनदा आला, एका ठिकाणी बदलून ‘अपराध’ केलं. उद्या वर जाऊन वाचून दाखवणार. नक्की.

१६ जानेवारी, गुरुवार
गेलो नाही. मजकूर पुन्हा लिहिला. अक्षर नीट नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
हैबती स्वतःच आले. मी उभा राहून वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी अडवलं, सर, गाडी हाय न्हवं पण? आहे म्हटल्यावर मटकन पायरीवर बसले. सखू म्हनत हुती, सरांनी गाडी दरीत घातली असंल, न्हायतर इकली असंल. सर्व्हिसिंगला सा दिस लागत्यात व्हय?
बॅटरीचं सांगितलं. ती व्हय? ती दिवाळीच्या आधीच मेलीया. आमी उतारावर लावतो, सोडली की चालू. तुमी सपाटीला कशापायी लावली?
हैबती आत बसले; मी, आरती आणि शेजारचे रोहिदास, तिघांनी ढकलली. वळणापर्यंत जाता जाता चालू झाली.
तेव्हा कुठं लक्षात आलं, सखूबाईंनी सहा दिवस किटली वाहिली, त्याचं दीड पानात एक अक्षर नव्हतं. ओरडत गाडीमागं धावलो. हैबतींनी खिडकीतून हात काढून सांगितलं, थांबता यायचं न्हाई सर, बंद पडंल.