फ्रिगेट ‘ला वेलोस’: माझी बाजू

१४ मार्च १७७८, रोशफोर, फ्रान्स.
आज आमची फ्रिगेट, आरमाराचं वेगवान लढाऊ जहाज, पाण्यात उतरली. ‘ला वेलोस’, म्हणजे चपळ. नाव मी सुचवलं. पापा गोदीचे मुख्य मेस्त्री. आराखड्यावर सही त्यांची. पण त्यांचे हात कापतात, म्हणून रेघा सगळ्या माझ्या. ही पळाली की पुढच्या फ्रिगेटचं काम आम्हालाच. मिळाल्यातच जमा.

२ मे.
नदीतून समुद्राकडे ओढत नेताना फ्रिगेट गाळात रुतली. दोर ओढणारे मजूर काठावर बसून कांदा-पाव खात होते. पापा म्हणाले, तळ जरा खोल झाला. तळ बरोबर आहे. नदी उथळ आहे.

२० सप्टेंबर.
पहिली सफर संपली. कप्तान द केर्गोएल घरी आले. म्हणाले, “मेस्त्री, वारा आला की तुमचं जहाज एवढं कलतं, की माझं सूप पोटात कमी गेलं, मांडीवर जास्त.” पापा हसले. मी नाही. वाडगा काठोकाठ भरायचा नसतो. तरी तळाशी आणखी लोखंड भरायला सांगितलं.

११ जून १७७९.
कलणं बंद. पळणंही जरा कमी. सार्डिन पकडणाऱ्या होडीने तिला मागे टाकलं, वर होडीवाल्याने विचारलं, “ओढत नेऊ का, दादा?” कोळ्यांना तिथले प्रवाह माहीत असतात. तुलनाच अशास्त्रीय. चुलतभाऊ आन्सेल्म, तोही आराखडे काढतो, जेवताना म्हणाला, “चपळबाई, मीठ द्या.” त्याच्याशी अबोला.

३ ऑक्टोबर १७८०.
इंग्रजांनी ‘ला वेलोस’ पकडली. पाठलाग फार वेळ चालला नाही म्हणे. पापा जेवले नाहीत. मी दोनदा वाढून घेतलं. आमचं चांगलं जहाज हाती लागलं की इंग्रज ते गोदीत घेऊन फळी न् फळी मोजतात आणि तसंच दुसरं बांधतात. याहून मोठी पावती नाही. पापांकरवी गोदीच्या मंडळाला विनंती केली: इंग्रजांचं मत कळेपर्यंत नव्या फ्रिगेटचं काम कोणाला देऊ नका. मंडळ थांबलं.

८ ऑगस्ट १७८१.
कैद्यांची अदलाबदल झाली. ‘ला वेलोस’वरचा मुकादम गास्पार परतला. मंडळाने त्याला बोलावलं. मी पापांच्या खुर्चीमागे उभी. पापांनी विचारलं, इंग्रजांनी मोजलं का?
“मोजलं की. मग डोलकाठ्या काढल्या, वर छप्पर घातलं आणि तुरुंग म्हणून आम्हालाच आत कोंडलं.” माझ्याकडे बघून म्हणाला, “पण खरं सांगतो ताई, बांधून ठेवली ना, की तिच्यासारखी बोट नाही. वादळातसुद्धा ढिम्म. काय झोप लागायची!”
मंडळ बराच वेळ खोकत होतं.

१० ऑगस्ट.
निर्णय आला. फ्रिगेट आन्सेल्मला. आम्हाला तरंगतं रुग्णालय, धक्क्याला कायमचं बांधलेलं. पापा खूश. म्हणाले, “अगं, हे आपल्याला जमतं.”
उद्यापासून रेघा सुरू. शिडं नाहीत, सुकाणू नाही. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, मात्र निमुळतीच ठेवणार आहे. एखादे वेळी दोर सुटलाच, तर पळायला हवी.